अज्ञानाचा गुणक

प्रश्न पुरता उलगडेपर्यंत निर्णय राखून ठेवण्याची मुभा तत्त्वचिंतकास असते. इंजिनियरास ती नसते. नदीवर पूल हवा असतो, आणि तो ठरल्या मुदतीत हवा असतो. पोलादात कोठे दोष दडला आहे, पुढे कोणते वादळ येईल, हे त्यास ठाऊक नसते. यावर त्याने काढलेली तोड आम्हांस मोठी प्रामाणिक वाटते. एखाद्या भागावर शंभर टन भार येईल असे गणित सांगत असता तो त्यास दोनशे टन पेलण्याजोगा करतो. या दुपटीस सुरक्षा-गुणक म्हणतात. आम्ही त्यास अज्ञानाचा गुणक म्हणू. आम्हां प्राध्यापकांच्या विधानांसही असा गुणक लावण्याची चाल पडती तर फार बरे झाले असते!

परंतु ही शिल्लक खर्चावी कशासाठी? कॅनडात क्वेबेक येथे सेंट लॉरेन्स नदीवर पूल बांधला जात होता. त्याचे सल्लागार थिओडोर कूपर हे अमेरिकेतील नावाजलेले इंजिनियर. मधला गाळा १६०० फुटांऐवजी १८०० फुटांचा करावा, असे त्यांनीच ठरविले. पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा अंदाज त्या मानाने वेळीच सुधारला गेला नाही. चूक ध्यानात आली तेव्हा पुष्कळ काम होऊन गेले होते. वाढलेला ताण कूपर यांनी चालवून घेतला. १९०७ च्या ऑगस्टात खालच्या दांड्या वाकलेल्या दिसल्या. त्या आता वाकल्या की मुळातच वाकड्या होत्या, यावर पत्रव्यवहार चालला! २९ तारखेस, अधिक भार घालू नये अशी तार कूपर यांनी न्यूयॉर्कहून केली. ती गेली कारखान्यास, पुलावर नव्हे. त्याच सायंकाळी पूल कोसळला व ७५ माणसे दगावली.

गणित कोणाचे चुकत नाही? आमच्या मते खरा दोष चूक कळल्यानंतरचा आहे. काम मोडून पुन्हा आरंभ करावयाचा, तर पैसा, वर्षे आणि नावलौकिक, सारेच पणास लागणार; म्हणून अज्ञातासाठी राखलेली शिल्लक ज्ञात चुकीच्या भरपाईस लावली गेली. पुढे चौकशीत निघाले ते असे, की त्या दांड्यांचे भाग एकत्र बांधणारी जाळी दुबळी होती, आणि एवढ्या प्रचंड दाबदांड्यांविषयी त्या काळचे ज्ञानच अपुरे होते. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी ताट राखावयाचे तो खरोखरच दारी आला, आणि ताटातले अगोदरच संपत आले होते.

त्याच जागी १९१७ साली दुसरा पूल पुरा झाला. १९१६ साली त्याचा मधला भाग चढविताना नदीत पडून आणखी १३ जण गेले. हा पूल पहिल्याहून पुष्कळच अधिक वजनदार आहे. आगगाड्या अद्याप त्यावरून जातात.