पाहुण्याची मर्यादा

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीजवळचे केसलापूर हे गाव पौष अमावास्येला रात्रभर जागे असते. तेथे गोंडांचा नागोबा आहे. मेसराम कुळाचे लोक कित्येक दिवस पायी चालून गोदावरीचे पाणी आणतात आणि रात्री त्या पाण्याने महापूजा करतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. मगच त्यांना कुळाच्या पूजेत स्थान मिळते. यात्रा मात्र सर्वांना खुली आहे. महाराष्ट्रातूनही माणसे जातात, आणि हल्ली प्रवासी कॅमेरे घेऊन येतात. प्रश्न असा की, यात्रा खुली आहे एवढ्यावरून तेथील सारेच पाहण्याचा व टिपण्याचा अधिकार आम्हांस मिळतो काय? घरच्या सुनेलाही जेथे ओळखीची वाट पाहावी लागते, तेथे पाहुण्याने थेट आत शिरावे, हे कोणत्या न्यायाने?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. देवाचे दार सर्वांस उघडे हवे म्हणून साने गुरुजींनी 1947 साली पंढरपुरात उपोषण केले. मग गोंडांचा देव तेवढा कुळापुरता का? आमच्या मते या दोन गोष्टी एक नव्हेत. पंढरीत बलवानांनी दुर्बळांना त्यांच्याच देवापासून दूर ठेवले होते. केसलापुरात ज्यांचे बहुतेक सारे गेले ते आपले उरलेले जपत आहेत. जंगल राखीव झाले, जमिनी परक्यांच्या हाती गेल्या. त्याविरुद्ध उठलेला कुमराम भीम 1940 साली जोडेघाट येथे मारला गेला. इंद्रवेल्लीतच 20 एप्रिल 1981 रोजी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. अशा समाजाने एखादी रात्र, एखादा विधी आपल्यापुरता राखला, तर त्याला भेदभाव म्हणणे म्हणजे शब्दांचा दुरुपयोग होय.

ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाची कथा या संदर्भात बोलकी आहे. 1985 साली तो अनांगू लोकांना परत मिळाला. त्यावर चढू नका, अशी त्यांची विनंती पायथ्याशी लिहिलेली असे. तरीही माणसे वर्षानुवर्षे ती वाचून वर चढत राहिली. अखेर 26 ऑक्टोबर 2019 पासून चढण्यास बंदी झाली, आणि बंदीपूर्वीच्या दिवसांत तर तेथे रांगा लागल्या. बंदीपुढे वाकणे हा आदर नव्हे. तो दंडाचा धाक आहे. विनंती पुरेशी वाटते तेथेच आदर सुरू होतो.

ही समज आपल्याला परकी नाही. कोकणात नि गोव्यात देवराईतील वाळकी काटकीही उचलू नये, असे वडीलधारी सांगत. तेथे पहारेकरी नसे. आपल्या देवळाच्या गाभाऱ्याबाहेर थांबताना आपला मान गेला, असे कोणास वाटत नाही. मग डोंगरातल्या देवापुढेच आपले कुतूहल हक्काची भाषा का बोलू लागते? कारण तो देव आपला नाही, आणि त्याचे राखणदार आपल्याला अडवू शकणार नाहीत, हे आपण मनोमन जाणून असतो.

आदरासाठी श्रद्धा लागत नाही. नागोबावर विश्वास नसलेल्यालाही विचारता येते, छायाचित्र घेऊ का; आणि ‘नको’ म्हटल्यावर कारण न विचारता कॅमेरा पिशवीत ठेवता येतो. न पाहिलेल्या गोष्टीची रुखरुख प्रवाशाने घरी न्यावी. पाहिलेच पाहिजे हा हट्ट तेवढा तेथे नेऊ नये.