हो किंवा नाही, पण वेळेवर

भालकी, औराद, कमलनगरच्या मुली उदगीर, देवणी, निलंग्याला दिल्या जातात आणि तिकडच्या मुली सून होऊन इकडे येतात. हा व्यवहार आजच्या सरहद्दीपेक्षा जुना आहे. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले, हे तीन तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात (आजच्या महाराष्ट्रात) आले. सोयरिकी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. आळंदकडेही तसेच. तिथल्या घरांची नाती उमरग्याला आणि अक्कलकोटला असतात. बोली एक, देवदेव एक, बाजाराचे गाव एक. अशा मुलखात शिकणारी मुलगी लग्न होऊन पन्नास किलोमीटर पलीकडे गेली, तर तिने गाव बदलले असे कुणाला वाटत नाही. विद्यापीठाच्या लेखी मात्र तिने राज्य बदललेले असते आणि पदवीचे दुसरे वर्ष तिथे करायचे तर आधी तिने विद्यार्थिनी असल्याचे नव्याने सिद्ध करायचे असते.

सासरचे बहुतेकदा भले असतात. शिकायचे तर शिकू दे, कॉलेज जवळच आहे, असे म्हणून अर्ज भरायला सोबत येतात. अर्ज भरला जातो आणि मग वाट पाहणे सुरू होते. या वाट पाहण्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही, कारण ती तक्रार वाटत नाही. कुणी नकार दिलेला नसतो, कुणी वाईट बोललेले नसते, फक्त उत्तर आलेले नसते. माझे म्हणणे असे की उत्तर न येणे हाही एक निर्णयच आहे. तो कुणी सही करून घेत नाही, पण त्याचा परिणाम सहीच्या नकाराहून कमी नसतो.

तिच्या हातातली प्लास्टिकची पिशवी उघडून पाहिली तर सगळे कळते. आत एसएसएलसी म्हणजे दहावीची आणि पीयूसी म्हणजे बारावीची मार्क्स कार्डे. त्यांवर आधी तिचे नाव, मग वडिलांचे. आडनाव कित्येकदा नसतेच. महाराष्ट्रातल्या फॉर्मचा पहिलाच रकाना आडनावाचा. आधार कार्डावर लग्नानंतरचे नाव. म्हणजे एकाच मुलीची तीन नावे झाली आणि ती तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत असे शपथपत्र आले. मग कॉलेजचा दाखला, विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र, सेमिस्टरनिहाय गुणपत्रके, शिकलेल्या विषयांचा अभ्यासक्रम प्राचार्यांच्या शिक्क्यासह. तो अभ्यासक्रम पाहून नवे विद्यापीठ ठरवणार की तिकडचा कोणता पेपर इकडच्या कोणत्या पेपराबरोबर धरायचा आणि कोणता पुन्हा द्यायला लावायचा. यालाच समकक्षता आणि पात्रता म्हणतात.

यातली सगळ्यांत अवघड गाठ दाखल्याची. मूळ टीसी हातात असल्याशिवाय नवे कॉलेज प्रवेश पक्का करत नाही आणि टीसी दिली की जुने कॉलेज पटावरून नाव काढते. नव्या विद्यापीठाने पुढे पात्रता नाकारली तर मुलगी ना इकडची राहते ना तिकडची. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने हातातली जागा आधी सोडायची आणि दुसरी मिळेल अशी आशा धरायची, एवढी जोखीम आपण तिच्यावर टाकतो. संस्थेवर मात्र कसलीच जोखीम नसते. कॉलेजचे वर्ग वेळेवर सुरू होतात, तिचा अर्ज टेबलावर असो की नसो.

त्यात गेल्या काही वर्षांत दोन्ही राज्यांचे अभ्यासक्रमच उलट्या दिशांनी गेले. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवीचा आराखडा लावण्यात कर्नाटक 2021-22 मध्ये सर्वांत पुढे होते. 2024-25 पासून त्याच राज्याने चार वर्षांची रचना सोडून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. आणि नेमक्या त्याच 2024-25 मध्ये महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणे आहेत आणि त्यांवर मतभेद असू शकतात. पण कमलनगर आणि उदगीर यांच्यामध्ये शिकणाऱ्या मुलीसाठी याचा अर्थ एवढाच की एका बाजूचे श्रेयांक दुसऱ्या बाजूच्या तक्त्यात सहज बसत नाहीत. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक पेढी आणली, ती विद्यार्थ्याची कमाई त्याच्यासोबत कुठेही जावी म्हणूनच. पेढीत श्रेयांक जमा होतात हे खरे, पण ते स्वीकारायचे की नाही हे शेवटी तिथले विद्यापीठच ठरवते. आणि कधी ठरवते, हा प्रश्न उरतोच.

जून-जुलै जातो. ऑगस्टात वर्ग रंगात आलेले असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर आधी प्रवेश पक्का हवा. हजेरीची टक्केवारी मागे पडत जाते. घरात सुरुवातीला रोज विचारतात, काही कळलं का? मग आठवड्याने विचारतात. मग विचारणे बंद होते आणि मुलगी घरच्या कामाला पूर्णवेळ लागते. पुढच्या वर्षी बघू, हे वाक्य आपल्याकडे किती मुलींच्या शिक्षणावर शेवटची माती टाकून गेले आहे, हे सीमाभागातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारावे. मुलगा असेल तर तो वर्षभर पुण्याला किंवा हैदराबादला काहीतरी काम धरतो आणि क्वचित परतही येतो. सुनेला सवलतीचे एक वर्षच मिळालेले असते. म्हणून कार्यालयातला महिना आणि तिच्या आयुष्यातला महिना यांची लांबी सारखी नसते.

आता याच मुलखाचा इतिहास पाहा. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची स्थापना 1918 ची. निजामाच्या राज्यातले बरेचसे कॉलेजशिक्षण त्याच्या छत्राखाली होते. 1956 नंतर गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) आणि बीदर भागाचे उच्च शिक्षण धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेले. 1970 मध्ये धारवाडचे पदव्युत्तर केंद्र गुलबर्ग्यात आले आणि 1980 मध्ये गुलबर्गा विद्यापीठ स्वतंत्र झाले. 2023 मध्ये बीदर विद्यापीठ सुरू झाले आणि जिल्ह्यातली महाविद्यालये गुलबर्ग्याकडून तिकडे आली. पलीकडे 1958 मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ झाले आणि 1994 मध्ये नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. लातूर, उदगीरची महाविद्यालये औरंगाबादकडून नांदेडकडे गेली.

म्हणजे शंभर वर्षांत या भागातल्या कॉलेजांनी विद्यापीठे पुनःपुन्हा बदलली. दर वेळी एक कायदा किंवा एक आदेश निघाला आणि हजारो विद्यार्थ्यांचे गुण, पेपर, वर्षे एका रात्रीत या विद्यापीठातून त्या विद्यापीठात गेली. त्यांपैकी कुणालाही स्वतःचा अभ्यासक्रम शिक्का मारून आणावा लागला नाही, की आधीचे वर्ष खरे होते हे शपथेवर सांगावे लागले नाही. शासनाने सरहद्द हलवली की विद्यार्थ्याची विद्या आपोआप ग्राह्य धरली जाते. विद्यार्थी स्वतः हलला की तीच विद्या संशयास्पद ठरते. अभ्यास तोच, पुस्तके तीच, परीक्षा तीच. बदलले ते एवढेच की पहिल्या वेळी हलण्याचा निर्णय सत्तेने घेतला होता आणि दुसऱ्या वेळी एका मुलीने.

सत्तेची पर्वा न करता, हललेल्या विद्यार्थ्याच्या विद्येवर विश्वास दाखवल्याचे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. 1938 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली, संप झाला. औरंगाबाद, गुलबर्गा अशा गावांतही आंदोलन झाले आणि उस्मानियाने मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना काढून टाकले. काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठाने का घ्यावे? न घेण्याची कारणे भरपूर होती. उस्मानियाचे माध्यम उर्दू होते. शिस्तभंगाचा ठपका बसलेला होता. संस्थानाची नाराजी ओढवून घ्यायची होती ती वेगळीच. तरीही नागपूर विद्यापीठाने, टी. जे. केदार कुलगुरू असताना, या मुलांना प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच आंदोलनातून नागपूरला शिकायला गेलेल्या तरुणांपैकी. त्या वेळी नागपूरने कागदांतला फरक मोजत बसण्याऐवजी समोरच्या तरुणांचे वर्ष वाचवले. माध्यमाची अडचण त्या मुलांनी स्वतः अभ्यास करून सोडवली. तेवढी संधी दिली की विद्यार्थी ती सोडवतातच.

विद्यापीठांच्या बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. खोटी गुणपत्रके निघतात. एका विषयाचा पाया कच्चा राहिलेला विद्यार्थी पुढच्या वर्षाला अडखळतो आणि त्याची जबाबदारी नव्या कॉलेजवर येते. जागा मर्यादित असतात. विज्ञान शाखेत प्रयोगशाळेतली टेबले मोजकीच. बीदर, कलबुर्गी ज्यात येतात त्या कल्याण कर्नाटकात तर घटनेच्या 371 (जे) कलमानुसार प्रदेशातल्या संस्थांत सत्तर टक्के जागा स्थानिकांसाठी राखलेल्या आहेत. दीर्घकाळ मागे पडलेल्या मुलखासाठी ते योग्यच आहे. तपासणी हवी, यात वाद नाही. वाद आहे तो सिद्ध कुणी करायचे आणि किती दिवसांत, याबद्दल.

1997 मध्ये युरोप परिषद आणि युनेस्को यांनी लिस्बनमध्ये जो करार केला, त्याने याचे उत्तर स्वच्छ दिले आहे. दुसरीकडे झालेले शिक्षण ग्राह्य धरायचे; ते नाकारायचे असेल तर दोहोंत मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवायचे, कारण सांगायचे, आणि निर्णय वाजवी मुदतीत द्यायचा. भाषा, चलन, परीक्षापद्धती सगळे वेगळे असलेल्या देशांनी हे मान्य केले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने तर 1960 च्या आपल्या शिक्षण आराखड्यातच दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून विद्यापीठात जाण्याची वाट अधिकृत करून ठेवली. तिथे मधल्या वर्षाला येणारा विद्यार्थी अपवाद मानला जात नाही. मग एकाच देशातल्या, एकाच आयोगाच्या नियमांखाली चालणाऱ्या दोन शेजारी विद्यापीठांना हे का जमू नये?

मुदतीचे तत्त्वही आपल्याला नवे नाही. कर्नाटकाने 2011 मध्ये ‘सकाल’ कायदा करून सेवा ठरावीक दिवसांत देणे बंधनकारक केले आणि उशीर झाला तर अर्जदाराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये, भरपाईची तरतूद केली. महाराष्ट्राने 2015 मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. उताऱ्याला, दाखल्याला मुदत असावी हे दोन्ही सरकारांनी मान्य केले आहे. विद्यार्थ्याच्या समकक्षतेच्या निर्णयालाही तीच शिस्त लागली पाहिजे. अर्जाच्या पावतीवरच उत्तराची तारीख छापलेली असावी. त्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर तात्पुरता प्रवेश आपोआप मिळावा आणि मुलीने वर्गात बसावे. नवा प्रवेश पक्का होईपर्यंत जुन्या कॉलेजने तिची जागा काढू नये. आणि नकार द्यायचाच असेल तर कोणता विषय कमी पडतो ते लिहून द्यावे, म्हणजे ती परीक्षा देऊन तो भरून काढेल. वेळेवर आलेला नकार माणसाला दुसरे दार शोधायला मोकळे करतो. उशिरा आलेला होकार पुष्कळदा कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

कर्नाटकाबरोबरच्या सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सीमाभागातल्या 865 गावांबद्दलचा ठराव एकमताने केला. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने वेगळा प्रवर्गही ठेवला आहे. म्हणजे दार उघडण्याची इच्छा आहे. तीच इच्छा मधल्या वर्षाला येणाऱ्या साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलीपर्यंत पोचावी, आणि इकडे सून होऊन आलेल्या उदगीरच्या मुलीला बीदर, कलबुर्गीनेही तशीच वागणूक द्यावी. त्यासाठी सीमाप्रश्नाचा निकाल लागण्याची गरज नाही, कुणी कुणाचा दावा सोडण्याचीही नाही. नांदेड, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, कलबुर्गी आणि बीदर इथल्या विद्यापीठांनी एकत्र बसून बीए, बीकॉम, बीएस्सीच्या विषयांचा समकक्षतेचा एक तक्ता एकदा करून ठेवला, तर प्रत्येक मुलीच्या अर्जावर तो पहिल्यापासून करत बसावे लागणार नाही. पाच विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे हे एका हंगामाचे काम आहे. राज्यांचा वाद सत्तर वर्षे वाट पाहू शकला, कारण राज्ये म्हातारी होत नाहीत. मुलीचे विसावे वर्ष एकदाच येते, आणि ते जपण्याचा अधिकार आज ज्या कुलसचिवांच्या टेबलावर आहे त्यांनी तो याच प्रवेशसत्रात वापरावा.