न दिलेला होकार

कोर्टाचा कागद घरात आला की आपण तो वाचत बसत नाही, "कोर्टातलं कोण ओळखीचं आहे?" म्हणून विचारतो. बेळगावात तर कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, आणि आपण वाढलो मराठीत. मग कुणीतरी भाऊ पुढे होतात, "वहिनी, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? मी बघतो सगळं."

आमच्या गल्लीतल्या एका विधवा भाडेकरणीवर घरमालकाने खोली खाली करायचा दावा लावला. अशाच एका भाऊंनी तिची कोऱ्या कागदावर सही घेतली. "मीच तिचा वकील समजा" म्हणत मालकाशी बोलणी केली आणि त्या सहीवर दिवाळीपर्यंत खोली सोडायची कबुली लिहून दिली. सनद नव्हती, पण एक पैसाही घेतला नाही. "मी कधी म्हटलं असं?" एवढंच ती विचारत राहिली.

त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. तडजोड कदाचित बरीही असेल. पण चांगल्या हेतूने दुसऱ्याच्या वतीने बोलायचा हक्क मिळतो का?

कायदा नाही म्हणतो. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे हक्क नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एखाद्या खटल्यापुरती बिगरवकिलाला परवानगी द्यायची तर ती कोर्टाने द्यायची. सनद असलेल्या वकिलालासुद्धा पक्षकाराच्या सहीचं वकीलपत्र लागतंच.

आपला धर्म याहून खोल जातो. अचौर्य म्हणजे अदत्त, न दिलेलं, न घेणं. आपण ते पैशा-दागिन्यांपुरतं धरतो. पण माणसाचा होकारही त्याचाच असतो ना? तो न विचारता वापरला तर घेणाऱ्याच्या हाताला काही लागलं नाही तरी देणारीचं गेलंच. आणि हे कोर्टातच घडतं असं नाही. सुनेच्या वतीने, नणंदेच्या वतीने "तिला चालेल" असं आपण घरात किती सहज बोलून जातो!

म्हणून मदत करू नये का? जरूर करावी. 1987 च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. तिच्यासोबत तिथवर जा. कागद वाचून, समजावून सांगा. कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका. मग हो म्हणायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.