सुरेख पान

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात एक म्हातारा फिडलवादक होता. नोटेशन त्याला वाचता येत नसे. धुना सगळ्या बोटांत. त्याने आपल्या दोन शिष्यांना सहा-आठच्या तालातली एक जिग शिकवली आणि म्हणाला, "लिहून ठेवा रे. माझा आता काय भरवसा!"

थोरल्याने जाड कागद आणला, पट्टीने पाच-पाच रेघा आखल्या आणि एकेक स्वर शाईने मोत्यासारखा उतरवला.

धाकट्याने कॉम्प्युटरवर एबीसी लिपीत धून टाइप केली. ही लिपी ख्रिस वॉल्शॉ यांची. १९८०च्या दशकात ते धुना नुसत्या अक्षरांत टिपून ठेवत. त्यातून १९९३पर्यंत छपाईचा प्रोग्रॅमही तयार झाला. 'टी'पुढे धुनेचं नाव, 'एम'पुढे ताल, 'के'पुढे पट्टी, आणि मग स्वर. कॅपिटल अक्षर खालच्या सप्तकातलं, लहान अक्षर वरच्यातलं. त्याहून खाली जायचं तर अक्षरापुढे स्वल्पविराम. भातखंड्यांचं मंद्राचं टिंब आठवा, तसंच. ही फाइल एबीसीएमटूपीएस या प्रोग्रॅमला दिली की पाच रेघांचं पान तयार. थोरल्याच्या पानापुढे ते फिकंच दिसलं, हे खरं.

दोघांनी धून वाजवून दाखवली. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "दुसऱ्या भागातला सी उतरा हवा." डी हा षड्ज धरला तर आपला कोमल निषाद.

धाकट्याने त्या सीच्या आधी बरोबरचं चिन्ह टाकलं आणि पान पुन्हा छापलं. थोरल्याचा हात मात्र धजेना. खोडायचं तर एवढं पान खराब होणार. "एका स्वराने काय बिघडतं?" म्हणत त्याने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. तो काही अडाणी नव्हता. उलट दोघांत कान त्याचाच तयार.

पुढे त्याच्याकडे पोरं शिकायला येऊ लागली, तीही त्या पानावरून. एका रात्री पबमधल्या सेशनला हीच जिग निघाली आणि नेमक्या त्या जागी चढा सी उतऱ्यावर आपटला. म्हाताऱ्याने गज थांबवला. "हे कुणी शिकवलं?"

पोरांनी थोरल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "चूक ठाऊक होती मला. पण पान इतकं सुरेख झालं होतं..."

"पानापायी धून बिघडवलीस," म्हातारा म्हणाला. "लिहायचं ते खोडता येईल असं लिहावं."

दुसऱ्या दिवशी थोरला धाकट्याच्या घरी गेला. स्क्रीनवरची अक्षरं त्याने बोट ठेवून गुणगुणत वाचली आणि मध्येच थांबला.

"या लांब जीवर गुरुजी रोलची हरकत घेतात. तू साधाच लिहिलायस."

धाकट्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. "घेतात खरे." त्याने कीबोर्ड थोरल्याकडे सरकवला. "जीच्या आधी ती नागमोडी खूण टाक."