शेंडेनक्षत्रास भिऊं नका

इ. स. १९१० च्या मे महिन्यांत हॅलेचा धूमकेतु, म्हणजे आपल्या बोलींतलें शेंडेनक्षत्र, पहांटे पूर्वेस दिसत असे. ता. ६ रोजीं बादशहा सातवा एडवर्ड वारला, आणि अपशकुन खरा ठरला असें पुष्कळांस वाटलें. त्यांस अडाणी म्हणून आम्ही हंसत नाहीं. शेपटांत विषारी वायु आहे असें वाचून पाश्चात्य शहरांतील शिकलेल्या माणसांनींहि दारांच्या फटी बुजविल्या होत्या!

त्याच दिवसांत कोडाईकनालच्या वेधशाळेंत ज्योतिषी पहांटे उठून त्याचीं छायाचित्रें घेत होते. हें काम धीराचें. धूमकेतु ताऱ्यांमधून सरकत असतो, म्हणून दुर्बीण त्याच्यामागें हळूहळू फिरवीत कांच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. मग चित्रांत धूमकेतु स्पष्ट उमटे आणि तारे मात्र रेघांसारखे ओढले जात. साध्या डोळ्यांस दिसण्याच्या कित्येक महिने आधीं, ता. ११ सप्टेंबर १९०९ रोजीं, माक्स वोल्फ ह्यांस हायडेलबर्ग येथें तो अशा कांचेवरच सांपडला. कोठें शोधावा हें गणितानें ठरलेलें होतें. ज्याची वाट निर्माणकर्त्यानें आंखून दिली आहे, तो आमचें काय वांकडें करणार?

आकाशांतील चिन्हांस घाबरूं नये, असें यिर्मयानें दहाव्या अध्यायांत बजाविलें आहे. तरी मूर्ति टाकलेल्या कित्येक घरांत अजून ग्रहणाच्या वेळीं गरोदर सुनेस कोंडून बसवितात. उपदेशकांनो, पुढचा धूमकेतु दिसेल तेव्हां त्या सुनांस व लेंकरांस पहांटे गांवाबाहेर उघड्यावर न्या. विजेरी मात्र मालवा. उजेडांत शेपूट दिसत नाहीं.