घडलं म्हणून दृश्य होत नाही

ऊठ, आणि तुझा चौदावा सीन तूच वाचून दाखव वर्गाला. ‘माजघर, रात्र. आजीला आजोबांची आठवण येते. तिचं मन भरून येतं.’ आता सांग, कॅमेरामनने टिपायचं काय? मन? आजी काय करते ते लिही. सवयीने दोन ताटं मांडते आणि एक उचलून ठेवते? मग तसं लिही. पटकथेत जे असेल ते दिसलं पाहिजे, नाहीतर ऐकू आलं पाहिजे. तू मात्र जिथे अडलास तिथे व्हॉइस ओव्हर घुसडलास!

विचारलं की उत्तर तयार, “सर, आमच्या घरी अगदी असंच घडलं होतं.” घडलं असेल. प्रेक्षकाला त्याचं काय? नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (2013) स्वतःच्या जगण्यातूनच आला ना? त्यात कुणी गळा काढलाय? डुक्कर हाताशी आलेलं असतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. डुक्कर पकडणारा शाळकरी पोरगा जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. जात, शाळा, लाज, सगळं त्या उभं राहण्यात आलं. निवेदनाची एक ओळ लागली नाही.

आणि तू गं, मागच्या बाकावर हसतेस कसली? कादंबरी घेतलीस आणि प्रकरणामागून प्रकरण उतरवून काढलंस. वर म्हणे, “मूळ लेखकाशी प्रामाणिक राहिले.” याला नक्कल म्हणतात. विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून एकच पटकथा काढली. 1979 साली जब्बार पटेलांनी तिचा ‘सिंहासन’ केला. दोन पुस्तकांचा एक सिनेमा होताना किती चांगली पानं बाहेर राहिली असतील, याचा विचार केलास कधी? सत्तेचा खेळ आणि तो जवळून बघणारा पत्रकार दिगू, एवढं घट्ट धरलं म्हणून बाकीचं सोडता आलं. तुझी कादंबरी कशाबद्दल आहे हे तुलाच ठाऊक नाही, म्हणून तुला एक पान सोडवत नाही.

दोघांचं दुखणं एकच. एकाला आठवणीची कीव येते, दुसरीला पुस्तकाची भीती वाटते. कात्री कुणीच हातात घेत नाही.

शुक्रवारी नवा खर्डा हवा. व्हॉइस ओव्हर सगळा काढा. ‘वाटतं’, ‘आठवतं’, ‘जाणवतं’ जिथे जिथे असेल तिथे काट मारा. उरेल तेवढंच घेऊन या. काहीच उरलं नाही, तर पटकथा अजून लिहायची आहे असं समजा आणि पहिल्या सीनपासून बसा.