माउलीचे शहाणपण

आईची माया सारे जग मानते. तिचे शहाणपण कितीजण मानतात? वर्गात मी नेहमी पाहतो, गुडघा फुटला की मुलाला आई हवी असते, पण पुढे काय शिकणार असे विचारले, की उत्तर येते, "वडिलांना विचारून सांगतो!"

बायबलातील नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान स्त्रीरूपाने उभे राहते. विश्व घडत असताना ती देवापाशी होती. आता वेशीपाशी उभी राहून ती माणसांना हाका मारते. पुढे इंग्लंडात, नॉर्विच येथील ज्युलियन या साध्वीला १३७३ साली, मरणाच्या दारी असता, ख्रिस्ताची दर्शने झाली. त्यांवर वर्षानुवर्षे चिंतन करून तिने लिहिले, की ख्रिस्त ही आपली आई आहे, आणि त्या आईचे स्वरूप ज्ञान आहे. ही आई लेकराला प्रसंगी पडूही देते. नाश मात्र होऊ देत नाही. नुसत्या मायेला हे साधले नसते. त्याला शहाणपणच लागते.

आपल्याला हे परके वाटू नये. ज्ञानेश्वरांना आपण माउलीच म्हणतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही ख्रिस्ताच्या ठायी आई पाहिली.

मग वाचकहो, ज्या तोंडाने देवाला माउली म्हणायचे, त्याच तोंडाने घरातल्या आईला "तुला काय कळते?" असे कसे म्हणावे?